भोंगा, मस्टर आणि पापडाचे पीठ

(वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा चिटणीस म्हणाले, "ताई, वर्क फ्रॉम होमवर बोला. आमच्याकडे घरोघरी तोच वाद आहे. मुलगा म्हणतो घरून होतं, साहेब म्हणतो होत नाही." मी हो म्हटले. पण सुरुवात घरापासून न करता कारखान्याच्या गेटपासून करते, कारण माझी नोकरी तिथून सुरू झाली.

१९८७ साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले. तरुण मंडळींना टाइम ऑफिस म्हणजे काय हे सांगायला हवे. गेटच्या आत डाव्या हाताला एक खोली, खिडकीला जाळी, भिंतीवर कार्डांचे रॅक आणि मधोमध पंचिंगचे घड्याळ. कामगार येई, आपले कार्ड उचली, खाचेत घाली आणि खटकन वेळ छापली जाई. पाळीची वेळ टळली की आकडा लाल उमटे. ऑफिस स्टाफला कार्ड नव्हते, त्यांना मस्टर होते. सव्वानऊला शिपाई ते उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवी. त्यानंतर सही करायची म्हणजे साहेबांच्या डोळ्यांदेखत करायची. तीन लेट मार्क झाले की एक रजा गेली.

मी चार वर्षे ती कार्डे जुळवली. कोण किती वाजून किती मिनिटांनी आला हे मला पाठ असे. त्याने दिवसभरात काय केले, हे मात्र त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते. एका टर्नरचे कार्ड महिन्यातून दहा दिवस तरी लाल असायचे. त्याचे सुपरवायझर दर महिन्याला खिडकीशी येऊन हळूच सांगत, "मॅडम, याचं जरा सांभाळून घ्या. अवघड जॉब दुसऱ्या कुणाला जमत नाही." त्याच खात्यात एक गृहस्थ असे होते की त्यांच्या कार्डावर वर्षानुवर्षे लाल आकडा नाही. त्यांच्याबद्दल सुपरवायझर बरे किंवा वाईट काहीच बोलत नसत. आज मी जे सांगणार आहे त्याचे मूळ त्या खिडकीत आहे. हजेरी मोजायला सोपी असते. काम मोजायचे तर आधी ते काय आहे हे नेमके सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे कष्ट आपण साहेब लोक टाळतो. समोर माणूस दिसतो आहे तोवर हे टाळणे खपून जाते. तो घरी गेला की उघडे पडते.

घड्याळाशी आपले नाते पहिल्यापासून भांडणाचे आहे. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजायचा तर कामगाराला तेवढे आधी अंथरूण सोडावे लागणार. जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी याला विरोध केला, शहरातल्या पुढाऱ्यांनीही केला आणि मुंबई महापालिकेने 'बॉम्बे टाइम' चक्क पुढची अनेक वर्षे जपला. त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० पासून रविवार मोकळा मिळाला. कामाची वेळ ही वाटाघाटीची गोष्ट आहे, हे आपल्या कामगारांना व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांच्या पुष्कळ आधी कळले होते.

पाश्चात्त्य देशांत लवचीक वेळेची कल्पना जिथे जन्मली तीही जागा गेटच होती, याची मला गंमत वाटते. म्युनिकजवळ ओटोब्रुन येथे ब्योल्को (पुढची मेसरश्मिट-ब्योल्को-ब्लोम) या विमान कंपनीचा मोठा कारखाना होता. सगळे एकाच ठोक्याला यायचे, त्यामुळे सकाळी रस्ता तुंबायचा, संध्याकाळी पुन्हा तुंबायचा. १९६७ मध्ये त्यांनी ठरवले की मधले काही तास सगळ्यांनी हजर असावे, अलीकडे-पलीकडे प्रत्येकाने आपली वेळ सरकवावी. कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचा विचार नंतर आला, आधी वाहतूक होती. अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये 'टेलिकम्युटिंग' हा शब्द काढला तोही लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरच्या गर्दीला वैतागून. त्यांच्या सुरुवातीच्या मांडणीत लोकांनी घरी बसायचे नव्हते. घराजवळ छोटी कार्यालये असावीत, तिथे चालत जाता यावे, असे ते म्हणत होते. ही कल्पना आपण पुरती विसरलो. पुण्याच्या उपनगरांत आज अभ्यासिका चालतात तशा कामाच्या खोल्या चालल्या तर हिंजवडीच्या चौकात सिग्नलला लागणारी अर्धीअधिक चिडचिड संपेल. असो.

मुंबईत तर हा प्रश्न सोयीचा नाही, जिवाचा आहे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये शहरातल्या कार्यालयांना पत्रे लिहून विनवले की वेळा मागेपुढे करा. तुमचे दहा आणि सगळ्यांचे दहा एकच असतील तर लोकलचा डबा फुटायचाच. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसे रुळांवर पडली, त्यांतली काही दगावली. ती कामाला निघाली होती. त्यांतल्या किती जणांना त्या दिवशी अकराला पोहोचून चालले असते, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता मार्च २०२०. तेव्हा मी एका सॉफ्टवेअर कंपनीत चाळीस जणांची टीम सांभाळत होते. टाळेबंदीच्या आधीचे तीन दिवस आमच्या कॅम्पसमधून टेम्पो भरून डेस्कटॉप बाहेर पडत होते. एरवी पेन ड्राइव्हसुद्धा गेटवर तपासणारे सुरक्षारक्षक मॉनिटर उचलून गाडीत ठेवू लागले. विशेष आर्थिक क्षेत्राचे नियम, दूरसंचार खात्याच्या अटी, क्लायंटचे करार हे सगळे आमच्या डोक्यात इतके भिनलेले होते की 'घरून काम' म्हणजे जवळपास गुन्हाच. सरकारने त्याच महिन्यात अटी सैल केल्या, नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याचे नियमच बदलले आणि जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घरून कामाचा स्वतंत्र नियम आला. तेव्हाची मर्यादा पन्नास टक्के कर्मचारी, एक वर्ष. नियम माणसांच्या मागून लंगडत आला, पण आला.

मी काय केले ते सांगते, कारण मी तिथे चुकले. मला चाळीस माणसे दिसेनाशी झाली आणि माझ्यातली टाइम ऑफिसची मुलगी जागी झाली. मी एक शीट काढली. प्रत्येकाने तासातासाला काय केले ते भरायचे. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू पाहिजे. आमच्या टीममध्ये एक टेस्टर होती. चिंचवडला दोन खोल्या, सासू-सासरे, नवरा, शाळकरी मुलगा, आणि त्याची ऑनलाइन शाळा तिच्याच टेबलावर. ती पहाटे पाचला उठून आठपर्यंत काम करी आणि रात्री दहानंतर पुन्हा बसे. माझ्या शीटवर तिचा अकरा ते दोनचा रकाना कोरा. एके दिवशी सगळ्यांच्या देखत मी विचारले, "तुमचं अकरा ते दोन काय चाललेलं असतं?" ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली तेवढी. तीन महिन्यांनी राजीनामा आला, कारण 'वैयक्तिक'. ती गेल्यावर मी नोंदी काढून पाहिल्या. त्या तिमाहीत तिने पकडलेल्या चुका इतर कुणाहीपेक्षा जास्त होत्या. नोंदी आधीपासून माझ्याकडेच होत्या. मी रकाने बघत बसले होते.

याच्या उलट गोष्टही माझ्याच टीममध्ये घडली. २०२१ मध्ये लातूरकडचा एक मुलगा रुजू झाला. लॅपटॉप कुरिअरने गेला, त्याला आम्ही प्रत्यक्ष पाहिले नव्हते. रोज सकाळच्या स्टँडअपला तो सांगे, "काम चालू आहे, काही अडचण नाही." सहा आठवड्यांनी कळले की तिसऱ्याच दिवशी तो एका सेटिंगवर अडकला होता. विचारायला संकोच, विचारायचे कुणाला हेही माहीत नाही. ऑफिस थोडे उघडल्यावर तो पहिल्यांदा आला, शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने सहज त्याच्या स्क्रीनकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, हे असं नाही करायचं." दोन मिनिटांत सुटले. हा मुलगा घरून काम करत होता म्हणून आळशी झाला, असे कुणी म्हणेल तर मी भांडेन. पण तो ऑफिसात असता तर चौथ्या दिवशी सुटला असता, हेही खरे.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या, कारण संशोधनही असेच दोन्ही बाजूंना बोलते आणि वाद घालणारे आपल्याला हवी ती बाजू उचलतात. सर्वांत जास्त उचलला जातो तो शांघायचा प्रयोग. सी-ट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांची जन्मतारखेवरून विभागणी केली. सम तारखेचे घरी, विषम तारखेचे ऑफिसात. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने मोजमाप केले. घरच्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण ही वाढ आली कशातून ते पाहा. त्यातले ९ टक्के हे पाळीत जास्त मिनिटे काम झाल्यामुळे, म्हणजे कमी विश्रांती आणि कमी आजारी रजा. उरलेले ४ टक्के मिनिटामागे जास्त कॉल घेतल्यामुळे, कारण घरी शांतता होती. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. एवढे सगळे सांगतात. पुढचे कमी सांगतात. तेवढ्याच कामगिरीवर घरच्यांना बढती मात्र कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितले तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आपली जागा बदलली. पुष्कळांना घरी एकटे वाटत होते. ज्याला जिथे जमते तिथे तो गेल्यावर फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर पोहोचला. मला या प्रयोगातला हा शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसरा प्रयोग आपल्या चेन्नईतला. डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एंट्रीच्या कामासाठी नव्याने घेतलेल्या लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे घर आणि ऑफिस वाटून दिले. इथे घरच्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी निघाली. त्यातला दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला आणि बाकीचा हळूहळू, कारण ऑफिसातले भराभर शिकत गेले. तिसरा अभ्यास एका मोठ्या आशियाई आयटी सेवा कंपनीचा, दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा. साथीच्या काळात त्यांचे तास वाढले, अवेळीचे काम वाढले, पण काम तेवढेच किंवा किंचित कमी झाले. तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. वेळ गेला कुठे? मीटिंगांत. सलग दोन तास मान खाली घालून काम करण्याचा वेळ आक्रसला आणि वरिष्ठाशी एकट्याने बोलण्याचा वेळही आक्रसला.

माझ्या समजुतीप्रमाणे या तिन्ही आकड्यांत भांडण नाही. शांघायच्या मुली-मुलांचे काम आधीच आखलेले होते, किमान सहा महिन्यांचा अनुभव ही अट होती, घरी स्वतंत्र खोली ही अट होती, आणि आठवड्यातला एक दिवस त्यांना ऑफिसात यावेच लागत होते. चेन्नईचे लोक नवे होते. आयटीवाल्यांचे काम एकमेकांत गुंतलेले होते. म्हणजे घर की ऑफिस हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की हातातले काम कापून, मोजून दुसऱ्याच्या हाती देता येते का, आणि घेणाऱ्याला ते येते का.

हे शिकवणारी लिज्जत पापडची संस्था गिरगावात १९५९ सालीच उभी राहिली, आणि आपण व्यवस्थापनाचे धडे गिरवायला कुठल्या कुठे जातो. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. चार पाकिटे झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम थांबले, तर पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह अशी युक्ती निघाली. सभासद वाढत तीनशेच्या घरात गेले तेव्हा गच्ची पुरेना. मग ठरले की पीठ इथे भिजवायचे आणि लाटायला घरी न्यायचे. लिज्जतचे घरून काम जागेच्या अडचणीतून आले. आज सुमारे ४५ हजार बहिणी असे काम करतात.

त्यातली व्यवस्था बारकाईने बघा. पीठ शाखेत एकाच मापाने भिजवले जाते, म्हणजे चव कुणा एकीच्या हातावर सोडलेली नाही. प्रत्येकीला पीठ वजन करून मिळते. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड परत आणायचे, ते वजन करून आणि तपासून घेतले जातात, लाटण्याचे पैसे लगेच मिळतात आणि नवे पीठ घेऊन घरी. घरात स्वच्छ, पापड पसरता येतील एवढी जागा आहे ना, हे आधी पाहिले जाते. ती पहाटे लाटते की दुपारी, मधे मुलाला शाळेत पोहोचवते की नाही, हे कुणी विचारत नाही. विचारायची गरजच ठेवलेली नाही. आणि रोज सकाळी शाखेत यावे लागते, त्यामुळे एकमेकींची तोंडे दिसतात, नवीन बाईला जुनी बाई सांगते, तक्रार तिथल्या तिथे निघते. शिवाय लाटणारी ही मालकीण आहे, नफ्यात तिचा वाटा आहे. मी माझी तासातासाची शीट या व्यवस्थेशेजारी ठेवून पाहिली आणि मला लाज वाटली.

पण घरून कामाचे गोडवे गाणाऱ्यांनी गिरगावातून सोलापूरला जायलाही हवे. तिथल्या हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळतात. त्यांनाही माल मोजून मिळतो, पान, तंबाखू, सूत. त्यांच्या विड्याही हजारावर मोजून घेतल्या जातात. दिसायला व्यवस्था तीच. फरक हा की पान किडके निघाले, विड्या कमी भरल्या, कारखान्यात तपासताना गठ्ठ्यातल्या काही बाजूला काढल्या, तर तोटा बाईचा. घर तिचे, दिवा तिचा, खोकलाही तिचा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले आणि माल देण्यावरून, विड्या नाकारण्यावरून होणाऱ्या तंट्यांची दखल घेतली, ती याच कारणाने. आमच्या आयटीतल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती हसतात. मी त्यांना विचारते, टाळेबंदीत इंटरनेटचे बिल कुणी भरले? खुर्ची कुणी घेतली? पाठीचा पट्टा कुणी घेतला? लाइट गेली म्हणून काम राहिले तर रजा कुणाची गेली? मग हसू थांबते.

त्या टेस्टरच्या राजीनाम्यानंतर मी शीट बंद केली. एकदम शहाणी झाले असे नाही, वर्ष दीड वर्ष चाचपडत गेले. आधी आम्ही कामाचे तुकडे करायला शिकलो. एका माणसाला तीन-चार दिवसांत संपवता येईल एवढाच तुकडा, आणि तो संपला हे कशावरून समजायचे ते सुरुवातीलाच लिहिलेले. हे लिहायला मला आणि माझ्या लीड मंडळींना सोमवारची अख्खी सकाळ लागे. पहिले दोन महिने सगळे कुरकुरले, मीही कुरकुरले, कारण लिहायला बसले की कळे की आपल्यालाच नेमके माहीत नाही. पूर्वी हे अज्ञान कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या झाकले जात असे. कुठलाही निर्णय फोनवर झाला तरी दोन ओळी सगळ्यांना दिसतील अशा जागी टाकायच्या, हा नियम झाला. जो त्या वेळी मुलाला आणायला गेला होता त्याला नंतर विचारत फिरावे लागू नये.

ऑफिसात कधी यायचे, यावरून मात्र फार गोंधळ झाला. आधी मी उदार होऊन म्हटले, कुठलेही दोन दिवस या. लोक आले. एक मंगळवारी, दुसरा गुरुवारी. दीड-दीड तास बसमध्ये घालवून, कानाला हेडफोन लावून, घरी बसलेल्या सहकाऱ्याशी स्क्रीनवर बोलून परत गेले. एकाने मला तोंडावर सांगितले, "मॅडम, एवढंच करायचं तर माझी आई चहा तरी चांगला करते." मग टीमने मिळून दिवस ठरवले. ते दिवस सगळ्यांचे, आणि त्या दिवशी एकट्याने करायचे काम आणायचेच नाही. अडलेले प्रश्न, भांडणे, नव्यांना शिकवणे, पुढची आखणी एवढेच. नवीन माणसाला पहिले तीन-चार महिने रोज यायला सांगितले, आणि त्याच्या शेजारी एका जुन्यालाही. जुन्यांनी यावर खळखळ केली. ती रास्त होती, कारण शिकवण्यात त्यांचे स्वतःचे काम मागे पडते. म्हणून शिकवणे हेच त्यांचे काम म्हणून नोंदवले आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात धरले. ते धरले नसते तर कुणीही शिकवले नसते, मीसुद्धा नाही.

असे ठरलेले दोन दिवस ब्लूम यांनीही शांघायच्या त्याच सी-ट्रिप कंपनीत २०२१-२२ मध्ये दुसऱ्या प्रयोगात तपासले. तिचे नाव आता ट्रिप डॉट कॉम. १,६१२ पदवीधर कर्मचारी, त्यांतल्या एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले, आणि मूल्यमापनात किंवा बढतीत पुढची दोन वर्षे काही फरक आढळला नाही. व्यवस्थापकांना आधी विचारले होते तेव्हा त्यांचा अंदाज होता की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच म्हणू लागले, एक टक्क्याने वाढली. प्रत्यक्षात फारसे काही बदलले नव्हते. साहेबांची भीती तेवढी बदलली.

या भीतीला कमी लेखू नका. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचे काम नीट चालले आहे. ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले, ते नीट चालले आहे असा भरवसा धरणे अवघड जाते. या दरीत पैसा कमावणारे लोक आले. कीबोर्ड किती वेळा दाबला, माउस किती हलला, स्क्रीनवर काय होते, हे टिपणारी सॉफ्टवेअरे. मग माउस आपोआप हलवणारी यंत्रेही बाजारात आली आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने काम करत असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनभराहून जास्त लोकांना काढले. माझ्या टाइम ऑफिसात एकाचे कार्ड दुसरा पंच करायचा, त्याची ही नवी आवृत्ती. आम्ही तेव्हा घड्याळाशेजारी रखवालदार बसवला. मग रखवालदाराला चहा मिळू लागला.

एक गोष्ट माझ्या मनाला जास्त लागते. घरून कामाची सवलत मागणाऱ्यांत बायका जास्त, आणि बढतीच्या यादीत मागे राहणाऱ्यांतही त्याच. मी बढतीच्या बैठकांत बसले आहे. "ती असते कुठे हल्ली?" हे वाक्य मी तिथे ऐकले आहे, आणि एकदा गप्प राहिले आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. २६ आठवड्यांची रजा आली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आले आणि रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर घरून काम करण्याची तरतूद आली. पण ती दोघांच्या संमतीने. रजेवरून परतलेली बाई आणि तिचा साहेब यांच्यातल्या संमतीला किती अर्थ असतो, हे इथल्या बायकांना सांगायला नको. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कुणालाही लवचीक कामासाठी अर्ज करता येतो. मालकाने तो मान्य केलाच पाहिजे असे नाही. पण दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नाही म्हणण्याआधी अर्जदाराशी बोलावे लागते. मला हे मोठे वाटते. आपल्याकडे अर्जाला नकारही येत नाही. अर्ज नुसता पडून राहतो.

आणि ज्यांना घर हा पर्यायच नाही त्यांचे काय? आमच्या कॅम्पसचे सुरक्षारक्षक, कँटीनवाले, बसचालक, हॉस्पिटलातल्या नर्स. त्यांच्यासाठी लवचीकपणा म्हणजे पुढच्या आठवड्याची ड्यूटी आज समजणे, आणि पाळी आपसांत बदलता येणे. याला लॅपटॉप लागत नाही, पैसाही लागत नाही. तरी बहुतेक ठिकाणी रोस्टर आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येते. लवचीक कामावरच्या परिसंवादांत मी पुष्कळ वेळा बसले, तिथे चहा देणाऱ्या मुलाची पाळी किती वाजता संपते हे कुणी विचारलेले मला आठवत नाही.

वेळ संपत आली. या सभागृहात कंपन्यांत, बँकांत, शाळा-कॉलेजांत वरच्या जागेवर बसणारी पुष्कळ मंडळी आहेत, हे मला दिसते आहे. तुमच्या टेबलावर किंवा मेलमध्ये कुणाचा तरी अर्ज पडून असेल. दोन दिवस घरून, किंवा साडेदहाऐवजी साडेअकराला, किंवा पाळी बदलून. त्याला या आठवड्यात लेखी उत्तर द्या. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणा, पण का नाही ते लिहा.